कॅम्प तीनची दया

दया गेली. काल दुपारी.

शाळेत तिला सगळे ‘पाकिस्तानी’ म्हणायचे. ती असती तर ही पोस्ट आत्ताच्या आत्ता डिलीट करायला लावली असती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. सिंधमधून ही आणि तिची आई फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसलेल्या कॅम्प तीनला तिच्या काकांकडे आल्या, आमच्या शेजारच्या खोलीत. बाबांना व्हिसा मिळाला नाही, ते मागे राहिले.

"येतील पुढच्या महिन्यात," काका सांगायचे.

दया चौदाची. लाजरी. बोलली की अस्सल सिंधी.

आणि चिडवणारे कोण? कॅम्पातलीच सिंधी पोरं!

मी एकदा भांडले. "अरे गाढवांनो, तुमचे आजोबा काय आभाळातून पडले? तेही तिथूनच आले ना?"

"वो टाइम अलग था," एक जण म्हणाला. आला मोठा शहाणा!

श्रावणात एका सोमवारी माझी आई आम्हा दोघींना अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेली.

दयाने दोन्ही हातांनी ओढणी पसरली आणि डोळे मिटले. सिंधी लोक देवाकडे असंच मागतात. काय मागत होती ते मला माहीत होतं. बाबा यावेत.

मागून एक बाई आली, ओढणीत नाणं टाकून पुढे गेली.

"अहो काकू! ती भिकारी नाहीये!" मी देवळातच ओरडले.

"मला मेलीला काय ठाऊक गं," बाई ओशाळली.

दया नाण्याकडे बघतच राहिली. रिक्षात एवढंच म्हणाली, "अब से तुम लोगों जैसे हाथ जोडूंगी."

आणि तसंच केलं. मराठी अशी शिकली की आई मलाच टोमणे मारायची. रस्त्यात काकी सिंधीत बोलली तर ही मराठीत उत्तर द्यायची.

"किती पटकन रुळली!" लोक म्हणायचे.

रुळली कसली डोंबल! पोर घाबरली होती.

बाबा आलेच नाहीत. ती कॉलेजात असताना तिकडेच वारले. घरी माणसं बसायला येत होती, आणि ही कॉलेजात मैत्रिणींसोबत हसत होती.

परत येताना आमच्या मोरीत शिरली, नळ सोडला आणि रडली. आई दाराबाहेर बसून राहिली.

"रड गं बाई. बाप गेलाय तुझा."

पुढे लग्न झालं, बदलापूरला संसार, एक मुलगी. मला आणि तिच्या नवऱ्याला शपथ घातलेली, तिकडचं काही बोलायचं नाही.

काल सगळं आटोपल्यावर तिची लेक माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, आईचे बाबा दुबईला होते ना? तिथे कुणाला कळवायचंय का?"

दुबई! हे मलाही नवीन होतं.

मी तिच्या वडिलांकडे बघितलं. "सांगा," ते म्हणाले.

सगळं सांगितलं. देवळातलंसुद्धा.

पोरगी म्हणाली, "गावाचं नाव काय?"

"शिकारपूर."

तेवढ्यात कोणी शेजारी आत आले, त्यांनी विचारलं, "मूळच्या कुठल्या हो या?"

पोरीने डोळे पुसले आणि भरल्या घरात मोठ्याने सांगितलं, "माझी आई सिंधमधल्या शिकारपूरची."

दया, तुझी शपथ मोडली गं. रागाव हवं तर.

सुखाने जा, बाई. तुला माझा शेवटचा नमस्कार.