हरभऱ्याच्या पाल्याच्या दहा जुड्या

शिकलेला माणूस किती गंभीरपणे चुकू शकतो, हे सांगायचं तर मला हरभऱ्याच्या पाल्यापासून सुरुवात करावी लागेल. चहा घ्या तोवर. गोष्ट माझीच आहे, आणि लाज वाटावी अशीच आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरचा पाऊस संपताना मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन केनवडला परतलो. सोबत दोनच गोष्टी आणल्या होत्या. एक, आमच्या वस्तीतली कुठलीही बाई यापुढे अंगठा उठवणार नाही हा निश्चय. आणि दुसरी, प्रयोगशाळेच्या टेबलावरून सोडवून आणलेला पांढरा ससा. त्याचं नाव मी समता ठेवलं. तो नर निघाला. मग माय त्याला ढवळ्या म्हणू लागली, बैलाला म्हणावं तसं.

ढवळ्याइतका हट्टी जीव मी पाहिला नाही. त्याच्यासाठी खोका केला, तर त्यात तो कधी बसला नाही. खोका हलवला की रिकाम्या झालेल्या जागेवर जाऊन बसायचा. रागावलो की मागचा पाय जमिनीवर आपटायचा, पाठ फिरवायचा, आणि एक कान मात्र माझ्याकडे ठेवायचा. प्रेमाने आणि तर्काने कुणालाही बदलता येतं, हा वाद मी पुण्यात जिंकलो होतो. ढवळ्या तेव्हा समोर नव्हता.

बायांचा वर्ग आमच्याच घरी भरे. उन्हं उतरली की बाया वावरातून परस्पर येत. ढवळ्या उंबऱ्यात आडवा बसे, येणाऱ्या बाईच्या लुगड्याचा काठ दातांत धरी आणि लवकर सोडत नसे. बाया हसत. मला वाटे, हा शिक्षणाचा आनंद.

पंचायत समितीचे साहेब वर्ग पाहायला येणार होते. दहा बाया शिकताना दिसल्या तर वर्ग चालणार, नाहीतर बंद. माझ्याकडे बरोबर दहा होत्या.

अशात एके दिवशी प्रत्येकीने येताना हरभऱ्याच्या पाल्याची जुडी आणून उंबऱ्याशी ठेवली. या पाल्याची भाजी आपल्याकडे किती आवडीने खातात, तुम्हाला ठाऊकच आहे. माझे डोळे भरून आले. राबणाऱ्या हातांनी मला दिलेली दक्षिणा! मी उभा राहिलो आणि बोललो. ज्ञान विकायला मी आलेलो नाही, तुमच्या घामाचं एक पानही या घरात शिजणार नाही, असं बरंच. शेजारच्या यशोदाकाकू मध्येच "पण बापू" म्हणाल्या. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि एकेकीच्या हातात जुडी परत दिली.

दुसऱ्या दिवशी बाया रिकाम्या हाताने आल्या. ढवळ्या उंबऱ्यातून हलेना. हात हुंगायचा, पाय आपटायचा, काठ ओढायचा. एकीचं लुगडं टर्रकन फाटलं. मी त्याला कोंबड्या झाकायच्या डाल्याखाली घातलं. मग ते डालंच घरभर फिरू लागलं. त्याच्याकडे न बघता मी बाराखडी पुढे नेली. तिसऱ्या दिवशी चार बाया आल्या, पाचव्या दिवशी एकही नाही. साहेब यायला दोन दिवस उरले होते.

मी यशोदाकाकूंकडे गेलो आणि शिक्षणाच्या महत्त्वाबद्दल बोलू लागलो. त्यांनी ज्वारी पाखडता पाखडता ऐकून घेतलं.

"बापू, तो पाला तुह्यासाठी नोता," त्या म्हणाल्या. "ढवळ्यासाठी होता. वावरातून येताना लेकराले काही आणतो ना, तसा."

"मग त्याच दिवशी सांगितलं का नाही?"

"तू सांगू देशीन तवा! घंटाभर बोलून राह्यला होता. एवढा शिकलेला पोरगा पाल्यापायी रडून राह्यला, तं असन काही पुस्तकात, असं वाटलं आमाले."

"पण वर्गाला येणं का सोडलं?"

"तो हात हुंगते अन् हातात काही नाही. वरतून तू त्याले डाल्याखाली घातलं. कोणत्या तोंडानं याव आमी?"

दहा दारांत जाऊन मी पाला मागितला. पुण्यात हे शिकवलं नव्हतं.

ठरल्या दिवशी दहा बाया आल्या, उंबऱ्याशी दहा जुड्या पडल्या. जीपचा आवाज आला आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो धान्याच्या कणगीमागे जाऊन बसला.

साहेबांनी उंबऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. गरीब बायांच्या घामाबद्दल ते बोलू लागले, आणि खरं सांगतो, फार चांगलं बोलले. जवळजवळ माझ्याच शब्दांत.

मी म्हणालो, "साहेब, हा पाला सशासाठी आहे."

"कुठे आहे ससा?"

मी आधी समता म्हणून हाक मारली, मग ढवळ्या म्हणून. कणगीमागून पाय आपटल्याचा आवाज आला, फक्त एकदा.

"उंदीर झालेत तुमच्याकडे," साहेब म्हणाले. मग यशोदाकाकूंना त्यांनी काहीतरी लिहायला सांगितलं. काकूंनी माझी बाजू घेऊन पाटीवर ठळक लिहिलं: ससा. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हेही मीच पढवून ठेवलं होतं.

वहीत शेरा लिहून ते निघून गेले. जीपचा आवाज विरल्यावर ढवळ्या बाहेर आला, माझ्याकडे पाठ करून बसला आणि पहिली जुडी खाऊ लागला.

काकूंनी वही ओढून घेतली. अक्षराखाली बोट ठेवत, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचलं: "वर्ग चालू ठेवावा. गुरुजींनी बायांकडून भाजी घेऊ नये."

आमच्या वस्तीतल्या बाईने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला तो पहिला मजकूर. आणि एक अक्षरही चुकलं, असं मला म्हणता आलं नाही.