ऑर्लोचा निरोप

अलास्कातल्या त्या रानात ना फोन ना टपाल. रोज संध्याकाळी रेडिओवर निरोप वाचतात, आणि ते सगळ्यांनी ऐकायचे. कुणाच्या कुत्रीला पिल्लं झाली, कुणाची बायको रुसून शहरात राहिली, व्हर्नाला सगळं ठाऊक. फक्त तिच्या नावाचा निरोप नवरा गस वारल्यापासून एकदाही आला नव्हता. येणार कुठून? निरोप धाडायला माणूस तर हवं!

त्या संध्याकाळी ती मूस हरणाच्या मांसाचा रस्सा ढवळत होती, तेवढ्यात रेडिओवर निवेदकानं वाचलं:

"तळ्यावरच्या ऑर्लोसाठी. बाबा, रविवारी विमानानं तुम्हाला न्यायला येते. यायचं असेल तर बर्फावर उभे राहा. दिसला नाहीत तर वरूनच परत फिरेन. लिनेट."

व्हर्नाचा हात थांबला. ऑर्लोचा रेडिओ अस्वलानं पार चावून टाकला होता. "बातम्या आवडल्या नसतील त्याला," असं म्हणून म्हातारा पोट धरून हसला होता. म्हणजे त्याला हे कळवणारी आसपास ती एकटीच होती. डोंगरापलीकडचा ऑर्लो हा तिचा एकुलता एक शेजारी. ती गप्प बसली, तर तो इथेच राहणार होता.

सबबी काय कमी होत्या? गुडघा होता, वारा होता. पण कानावर पडलेला निरोप ज्याचा त्याला पोचवायचा, ही तिथली रीत. गरजेपुरतंच घ्यायचं, हे तिला रानानं शिकवलं होतं. लाकूड, मासे, सगळंच. आता गरज होती ती नेमकी दुसऱ्याच्या माणसाची! रात्रभर तिला फार रडू आलं.

सकाळी बर्फातले रुंद जोडे बांधून ती निघाली, ती दिवस कलताना पोचली.

"रविवारी लिनेट येतेय न्यायला. सामान बांध," ती दारातूनच ओरडली.

"अगं, आत तरी ये! एवढंच सांगायला आलीस?"

"मग काय तुझं थोबाड बघायला?"

ऑर्लो दुखरी कंबर धरून खाली बसला.

"नसतंस सांगितलं, तर मला कळलंही नसतं."

"तेच तर! चहा टाक मेल्या, पाय गारठलेत."

रविवारी विमान आलं आणि गेलं. डोंगरामागून ऑर्लोच्या चुलीचा दिसायचा तो धूर थांबला. तरी सकाळी दार उघडलं की तिची नजर आधी तिकडेच जायची. मग ती स्वतःवरच चिडायची.

मग एका संध्याकाळी, कुणाचं बाळंतपण आणि कुणाचं रॉकेल यांच्या मधे, निवेदकानं त्याच कोरड्या आवाजात वाचलं:

"ओढ्यावरच्या व्हर्नासाठी. इथे शहरात भिंतीपलीकडे माणसं आहेत, पण बोलत कुणीच नाही. तुझी लाकडं पुरतील ना? ऑर्लो."

"पुरतील रे मेल्या!" व्हर्ना रेडिओवर खेकसली. "तू जेवतोस का नीट? कंबर शेकतं का कुणी?"

निवेदक केव्हाच पुढच्या निरोपावर गेला होता. ती मात्र कितीतरी वेळ बोलत राहिली.