नऊ वेळा हरलेला भाडेकरू

आमच्या घरात आजवर पुष्कळ भाडेकरू राहून गेले. त्यांतला सगळ्यात चांगला भाडेकरू लागोपाठ नऊ सामने हरला.

त्यांचं नाव चौगुले सर. कोल्हापूरचा माणूस, फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक. आमच्या भागात एक व्यावसायिक क्लब निघाला होता, त्यानं त्यांना करारावर आणलं आणि पुण्याजवळच्या चिखलीत आमच्या माडीवर उतरवलं. माझं शिक्षण चौथी, तेही नापास. फुटबॉल जन्मात पाहिला नव्हता. पण बैलगाड्यांच्या शर्यतीत माझ्या बैलांनी तीस वर्षं घाट (म्हणजे गाडे पळवायची धावपट्टी) गाजवलाय. त्यामुळं पळणाऱ्याला कसं पळवायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं माझं मत होतं. ते मी सरांना पहिल्याच सकाळी सांगून टाकलं.

सर कोल्हापूरचे असून हळू बोलायचे. इतकं हळू, की त्यांनी चहा मागितला तरी हिला (म्हणजे आमच्या कारभारणीला) दोनदा विचारावं लागायचं. मी म्हटलं, "सर, आवाज चढवा. पोरं घाबरली पाहिजेत."

"घाबरलेला पोरगा पास देत नाही, आबा."

"नसंल देत. पळतो तरी."

ते हसले आणि त्यांनी मान हलवली. कुणी काहीही सांगो, हा माणूस मान हलवायचा.

सामन्याच्या दिवशी सकाळी ते चहाला खाली यायचे आणि मी सल्ला घेऊन तयार असायचो. पहिल्या सामन्याला सांगितलं, "जड बैल मागं आन् चपळ बैल पुढं, असं समदेच जुपतात. तुमी उलटं करा, समोरचा गोंधळंल." दुसऱ्याला सांगितलं, "घाटात गाडा सुटला की बैल कधी मागं वळतो का? मग तुमची पोरं बॉल मागं का देत्यात? बंद करा." तिसऱ्याला सांगितलं, "त्यो गोलकीपर नुसता उभा राहून पगार घेतोय. त्यालाबी पुढं काढा." सर कप खाली ठेवून ऐकायचे, "विचार करण्यासारखं आहे, आबा," म्हणायचे आणि संघाच्या बसमध्ये बसून जायचे.

आणि हरून यायचे.

आता हे सामने मी कसे पाहिले ते सांगतो, कारण खरे उपकार तिथंच आहेत. घरमालक म्हणून क्लबानं मला दोन पास दिले होते. एकावर मी आणि दुसऱ्यावर माझा मुलगा संतोष. तो चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे. कारखान्यांसाठी जमीन गेल्यावर बैल ठेवायचे का विकायचे, यावरून आमच्या दोघांचं वाजलं होतं. त्यानं विकले. तेव्हापासून सात वर्षं आमचं बोलणं "जेवलात का?" आणि "व्हय" याच्या पुढं सरकलं नव्हतं. मीही हट्टी, तोही माझाच.

पहिला सामना हरून परत येताना संतोष गाडीत स्वतःशीच बोलला, "तो डावीकडचा झोपला होता काय?"

मी म्हटलं, "झोपंल कशाला? त्याला खुराक कमी पडतोय."

संतोष हसला. सात वर्षांनी! मग थेट घरापर्यंत आम्ही त्या डावीकडच्याची पार सालटी काढली. चौथ्या सामन्यात आपल्यावर पाच गोल झाले. त्या दिवशी तर दारात गाडी लावून आम्ही तासभर आतच बोलत बसलो. हिला वाटलं, गाडीचं दार उघडेना. ती हातोडी घेऊन बाहेर आली. जिंकलो असतो, तर घरी येऊन जेवून झोपलो असतो. हरलो, म्हणून बोललो. सहाव्या पराभवानंतर परतीच्या वाटेवर संतोष आपणहून बोलला, "आबा, बैल विकायला नको होते." मी म्हटलं, "विकलेस ते बरंच केलंस. मला तरी कुठं जमणार होतं आता." एवढं बोलायला आम्हा बापलेकांना सहा सामने हरावे लागले.

पण माणूस कृतघ्न असतो. गावातल्या पारावर मी सगळ्यांना सांगत होतो, "माणूस सोन्यासारखा हाय, पण माझं ऐकत न्हाई. मान हलवतो आन् आपलंच करतो. एकदा जरी माझं ऐकलं असतं..." (मला मैदानावर बावीस माणसं पळताना दिसायची. त्यांतलं कोण कुठं उभं आहे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण पारावर हे कोण विचारतंय?)

नववा सामना हरल्यावर वाकडच्या ऑफिसातनं क्लबच्या मालकांचा निरोप आला. दहावा हरलात, तर आपला नमस्कार. सरांनी चहा घेता घेता आम्हाला हे सांगितलं. "या वयात दुसरा क्लब कोण घेणार?" एवढंच म्हणाले. त्यांची मुलगी इंजिनिअरिंगला होती. बोलले नेहमीसारखंच हळू, पण या वेळी हिला एकदाच ऐकून कळलं. ती आत निघून गेली.

मी ठरवलं, या माणसाची नोकरी वाचवायची.

मी पुष्कळ विचार केला आणि मला त्यांच्यातली उणीव सापडली. नऊ सामन्यांत एकदाही त्यांचा सत्कार झाला नव्हता! आमच्याकडं शर्यतीला उतरण्याआधी गाडामालकाला फेटा बांधतात, नारळ देतात. त्यानं माणसाची छाती फुगते. आणि योगायोगानं दहावा सामना ज्या रविवारी होता, त्याच रविवारी चाकणच्या पल्याड एका गावात जत्रा होती, शर्यती होत्या आणि समिती माझ्या ओळखीची होती.

"सर, आज बसनं जायचं न्हाई," मी सकाळी सांगितलं. "नऊ वेळा बसनं गेलात, काय झालं? आज मी नेतो. वाटेत दोन मिनिटं थांबायचं."

"मैदान तर पुण्याच्या बाजूला आहे, आबा. चाकण उलट्या दिशेला..."

"मॅच पाचला हाय. आत्ता धा वाजत्यात. माझ्यावर इस्वास न्हाई का?"

सरांनी मान हलवली.

अकराला आम्ही घाटावर पोहोचलो. माईकवाल्यानं मला ओळखलं. "आपल्यामध्ये उपस्थित झालेले आहेत भारताचे फुटबॉल प्रशिक्षक!" असं त्यानं तीन वेळा पुकारलं. (भारताचे असं मी सांगितलं नव्हतं. नाही असंही सांगितलं नव्हतं.) सरांना फेटा, शाल, नारळ. मी म्हटलं, "चला." तर समितीच्या अध्यक्षांचं भाषण. मग उपाध्यक्षांचं. अध्यक्षांनी फेटा बांधला म्हणून दुसऱ्या गटाला राग आला आणि त्यांनी पहिला सोडून आपला बांधला. सर दोनदा उठले. दोन्ही वेळा मीच त्यांचा हात धरून खाली बसवलं. आभार मानायच्या आधी पाहुणा उठला, तर या गावात मी पुन्हा तोंड कसं दाखवणार?

एक वाजता सरांना दोन शब्द बोलायला लावलं. ते काय बोलले ते माईकलासुद्धा ऐकू आलं नाही. टाळ्या मात्र पडल्या.

दोनला सुटलो, तर आमच्या गाडीच्या पुढंमागं बैलांचे टेम्पो लागलेले. टेम्पोवाले सगळे शर्यत बघायला गेलेले. सरांच्या मदतनिसाचा फोन आला, "सर, बस निघाली. पोरांना काय सांगू?" सर हाताचा आडोसा करून म्हणाले, "मंगळवारपासून जे शिकवलंय तेच. बाकी काही नाही." साडेतीनला टेम्पो हलले. पावणेचारला आम्ही चाकणच्या चौकात आलो आणि तिथंच राहिलो. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, शेजारी ट्रेलरवर नव्याकोऱ्या मोटारी. त्या मोटारीही आमच्याइतक्याच वेगानं चालल्या होत्या. फेटा बांधलेल्या सरांकडं बघून एका ड्रायव्हरनं विचारलं, "शादी किधर है?"

सर म्हणाले, "शादी नहीं." आणि घड्याळाकडं बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

संतोष मैदानावर होता. त्याचा फोन आला.

"आबा, कुठाय तुम्ही? गोल झाला!"

मी डोळे मिटले. "किती येळात?"

"आबा, आपण केला."

"नीट बघ."

"बघितलं. आपलाच."

अर्ध्या तासानं परत फोन. दुसरा झाला. मग तिसरा. तिसऱ्या गोलाला सर इतके हसले, की फेटा त्यांच्या डोळ्यांवर आला. मीही हसलो. तीन-शून्य! मी स्टिअरिंगवर हात आपटून म्हणालो, "बघा, सत्काराचा गुण!" हॉर्न वाजला, तशी पुढच्या कंटेनरवाल्यानं मला शिवी घातली. आयुष्यात शिवी पहिल्यांदाच गोड लागली. आम्ही मैदानावर पोहोचलो, तेव्हा तिथले दिवे मालवत होते.

सोमवारी मालकांनी सरांना वाकडला बोलावलं. मी म्हटलं, पगारवाढ. सर तासाभरात परत आले आणि बॅग भरायला माडीवर गेले. मालक म्हणाले होते, "तुम्ही होता तेव्हा नऊ हरलो, नव्हता तेव्हा तीन-शून्य. आता वेगळं काय बोलायचं?"

मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. (बैलांची एकदा मागितली होती.) माझ्याच घराचा जिना मी तीनदा अर्धा चढलो आणि तीनदा उतरलो. खालून ही म्हणाली, "अहो, चढताय का ढकलू?"

वर गेलो. "सर, चुकलं माझं," म्हणालो. इतकं हळू, की त्यांनाच दोनदा विचारावं लागलं. मग मी खणखणीत बोललो, "तुमची नोकरी मी घालवली. त्या जत्रेला न्यायला नको होतं."

"असू दे, आबा. पोरं जिंकली की."

एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी बसलो तर मी कसला! म्हणालो, "पण खरं सांगू का सर, तुमी एकदा तरी माझं ऐकायला पायजे होतं."

सर शर्टाची घडी घालत होते, ते थांबले. खाली बघत म्हणाले, "ऐकलं की, आबा. नऊच्या नऊ वेळा."

"म्हंजे?"

"पहिल्या मॅचला जड पोरं पुढं ठेवली. दुसऱ्या मॅचला मागं पास बंद केले. तिसऱ्या मॅचला गोलकीपर पुढं काढला, तेव्हा त्याच्या डोक्यावरनं चार गेले."

"पर का?"

"तुम्ही एवढं ठासून सांगायचात. मला वाटायचं, माणसाला काहीतरी माहीत असणार." मग चुकल्यासारखं हसून म्हणाले, "काल सकाळी तुम्ही गडबडीत काही सांगितलंच नाही. म्हणून पोरं जे शिकली होती, ते खेळली."

मी जिना उतरून खाली आलो. हिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी सगळं सांगितलं. (तेवढी हिंमत मी दाखवली.) तिनं ऐकून घेतलं, भाजीची फोडणी दिली आणि म्हणाली, "आमी का ऐकत न्हाई, ते आता तरी कळलं ना?"

सर आता कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाला शिकवतात. (तिकडं तालमीही फुटबॉल खेळतात.) मुलीलाही नोकरी लागली. त्यांनी मला माझा मुलगा परत दिला आणि मी त्यांना फेटा, शाल आणि नारळ दिला. तरी दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. "आबा, आज मॅच आहे. काय वाटतं तुम्हाला?" मला पुष्कळ काही वाटतं. अगदी ओठावर येतं. पण त्यांचे उपकार आठवून मी तोंड घट्ट मिटतो आणि फोन हिच्या हातात देतो. ही फक्त "जेवलात का?" विचारते.

त्यांचा संघ यंदा अजून हरलेला नाही.