सोनचिखल्यांच्या मध्ये आमचे हे

आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य सुरतेत लिंबायतला लूमच्या खात्यात गेलं. खातं म्हणजे लूमची, यंत्रमागांची शेड. तिथे मशीन सुरू असताना शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त आपलं तोंड हलताना दिसतं. पुढे शेठने जुन्या लूम भंगारात काढल्या आणि हे घरी आले, पण आवाज खात्यातलाच राहिला. डिंडोलीच्या आमच्या घरात ह्यांनी मला, "आज काय भाजी शे?" असं विचारलं, की समोरच्या गॅलरीतली बाई सांगायची, "आमच्याकडे गिलके!"

ह्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, एक ह्यांना सोडून. ह्यांच्या मते लोकच हल्ली पुटपुटतात.

घरी करमेना म्हणून हे थंडीत तापीच्या काठावर जायला लागले. तिथे थंडीचे कुरव येतात, पांढरे, मोठ्या पंखांचे, आणि माणसं त्यांना गाठिया टाकतात. सुरतेत पाहुणा कुठूनही येवो, त्याला फरसाण घातल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. ह्यांनीही रोज गाठिया टाकायचा नेम केला. होळीच्या सुमाराला त्या पक्ष्यांची पांढरी डोकी तपकिरी पडायला लागली. हे घाबरून घरी आले. म्हणाले, "गाठियाचं तेल बाधलं असेल." मग एका सकाळी काठावर एकही कुरव नव्हता. हे गप्प गप्प झाले. म्हणजे इतर माणसांइतक्याच आवाजात बोलायला लागले. ते बघून मला काळजी वाटली.

सुनेने फोनवर शोधून पक्षी बघणाऱ्यांचा एक ग्रुप काढला. ग्रुप चालवणाऱ्या बेन दातांच्या डॉक्टर होत्या, गुजराती, बोलायला अगदी मऊ. त्यांनी कळवलं की कुरव आजारी नव्हते. विणीचे दिवस जवळ आले की त्यांची डोकी अशी रंगतात, मग ते उत्तरेला आपल्या मुलखात जातात. पण काकांना म्हणावं, आता समुद्रकाठी या. दक्षिणेकडून वर निघालेले पक्षी ह्या दिवसांत डुमसच्या बाजूच्या गाळावर उतरतात, पोटभर खातात, नवी पिसं चढवतात आणि पुढे जातात. रविवारी काका-काकींना पाठवा.

मला पक्ष्यांचं काही नव्हतं. पण ह्यांना एकटं सोडलं तर तिथल्या लोकांचं काय होईल, म्हणून मी गेले.

पहिल्या रविवारी आम्ही झिंग्यांच्या, म्हणजे कोळंबीच्या तलावांच्या बांधावर उभे होतो. समोर ओहोटीचा गाळ, लांबपर्यंत चकाकणारा, आणि त्यावर शेकड्यांनी बारके पक्षी धावत होते, थांबत होते, टोचत होते. सगळे जण देवळात असल्यासारखे उभे. हे म्हणाले, "एवढ्या चिखलात यांना मिळतं तरी काय?"

बेन हळूच म्हणाल्या, "काका, थोडा धीरे."

"धीरे ही तो बोल रहा हूँ!" हे म्हणाले, आणि गाळावरचा अख्खा थवा उठून समुद्रावर गेला.

सभ्य माणसं होती. एकाने थर्मासमधून चहा ओतला आणि आधी ह्यांना दिला, बहुतेक तोंड गुंतून राहावं म्हणून. परत येताना रिक्षात मी म्हटलं, आता पुन्हा जायचं नाही. हे म्हणाले, "पक्षीच भित्रट शेतस." रिक्षावाल्याने मान डोलावली.

तरी आम्ही पुढच्या रविवारी गेलो, पण मी एक अट घातली होती. बांधावर चढलं की तोंड उघडायचं नाही, खात्यातल्या खुणांनी बोलायचं. लूमवाल्यांच्या खुणा असतात, त्या मला लग्नानंतर डबा द्यायला जाता-येता पाठ झाल्या होत्या. दोन बोटं जुळवून फाकवली की धागा तुटला. मूठ खाली दाबली की मशीन बंद कर. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आला. ही शेवटची खूण आम्ही ससाण्यासाठी ठेवली, कारण ससाणा दिसला की गाळावर जी धावपळ उडते ती मी खात्यात बघितलेली होती. महिनाभरात बेनसुद्धा मिशी नसताना बोट फिरवायला लागल्या.

ह्यांचं मन बसलं ते सोनचिखल्यावर. कबुतराहून लहान पक्षी, थंडीत मातकट दिसतो. पण चैत्र लागला की त्याची पाठ सोन्याची भुकटी सांडल्यासारखी होते आणि तोंडापासून पोटापर्यंत काळा शालू नेसल्यासारखा रंग चढतो. बेनच्या दुर्बिणीतून हे त्याच्याकडे इतका वेळ बघत बसायचे की मागे लोकांची रांग लागायची.

एका रविवारी अशीच रांग लागली, ह्यांनी दुर्बीण परत केली आणि सरळ बांध उतरून गाळावर चालायला लागले. दुर्बीण मिळत नसेल तर जवळ जाऊन बघायचं, एवढा साधा हिशोब. मी ओरडले. बेनही ओरडल्या. आमचं सगळ्यांचं ओरडणं ह्यांच्या पाठीवरून निघून गेलं. पक्षी उडाले. हे चालत राहिले आणि मग एकदम बुटके झाले.

गुडघ्यापर्यंत रुतले होते. त्यांनी एक पाय उपसायला दुसऱ्यावर जोर दिला तेव्हा मांडीपर्यंत गेले. मग वळून आमच्याकडे बघून म्हणाले, "मना पाय निंघत नही!" हे वाक्य तापीपलीकडे पार हजिऱ्यापर्यंत गेलं असेल.

मी बांध उतरायला लागले तशी बेननी माझी साडी मागून धरली. "काकी, तुम्ही गेलात तर दोघं अडकाल," असं त्या गुजरातीत म्हणाल्या. ग्रुपमधला एक जण मासेमारांच्या वस्तीकडे धावला. भरती लागली होती. लांबवर पाण्याची एक बारीक रेघ दिसत होती, आणि थोड्या वेळाने बघितलं तर ती तितकीशी लांब नव्हती. हे धडपडत होते, आणि जितके धडपडत तितके खाली जात.

मी हात वर करून मूठ खाली दाबली. मशीन बंद. पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. शेवटी ह्यांचं लक्ष गेलं. इतक्या वर्षांच्या सवयीने हे जागच्या जागी थांबले.

बेननी मला खाली बसवलं आणि कशात तरी गुंतावं म्हणून दुर्बीण हातात दिली. मी ह्यांच्यावर लावली. चेहऱ्यावर घाम होता, चष्म्यावर चिखल उडाला होता. आणि मग दुर्बिणीच्या गोलात डावीकडून एक सोनचिखल्या आला. पाठोपाठ दुसरा. पुढे येणाऱ्या पाण्याने पक्षी बांधाकडे सरकत होते, आणि मध्ये ठोकलेला हा खांब त्यांना माणूस वाटत नव्हता. धावायचे, थांबायचे, टोचायचे. एक तर इतका जवळ आला की ह्यांनी हात लांबवला असता तर लागला असता. ह्यांनी फक्त डोळे खाली केले.

मग माझ्याकडे बघून ह्यांनी सावकाश अंगठा तोंडाकडे नेला. चहा.

बेननी विचारलं, "काय म्हणतायत काका?" मी म्हटलं, "चहा मागतायत." त्यांनी थर्मासकडे बघितलं आणि पुन्हा गाळाकडे. माझा असा संताप झाला की भीतीला जागाच उरली नाही.

वस्तीवरून एक मासेमार आणि त्याची बायको आली. त्यांच्याकडे लांब फळी होती, ती गाळावर टाकून तिच्यावर एक गुडघा टेकून ते घसरत गेले. ह्यांची छाती फळीवर टेकवली आणि पायाभोवतीचा गाळ हातांनी मोकळा करत, एकेक पाय करून काढलं. बूट तिथेच राहिले. बांधावर आणल्यावर त्या बाईने कंबरेवर हात ठेवून विचारलं, "कौनसा खजाना देखने गए थे?" ह्यांनी सांगितलं, आणि उरलेसुरले पक्षीही उडाले. हे रुतले होते ती जागा आम्ही रिक्षात बसेपर्यंत पाण्याखाली गेली होती.

ग्रुपमधले लोक म्हणाले, आज पक्ष्यांच्या यादीत एक चिखल्या वाढला. सगळे हसले, हेही हसले. मला हसू आलं नाही.

घरी मी ह्यांच्याशी बोलले नाही. पँट भिजवली, पाणी काळं झालं, ओतलं, पुन्हा काळं झालं. मग नळ सोडून मी थोडी रडले. बाहेर आले तर हे दारात उभे.

"मी घाबरी गयथू," हे म्हणाले. "तू घाबरशी म्हनीसन चहा मांगा."

मी म्हटलं, चहाने कोणाची भीती जाते का. पण चहा ठेवला. आणि दोन कप भरताना सांगितलं की आता पक्षी बघायचे असतील तर आधी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. ह्यांनी एकदाच ऐकून मान हलवली. त्यावरून मला कळलं की भीती खरीच बसली होती.

कानाला मशीन लागलं. पहिले काही दिवस घरात भांडणं झाली. हे म्हणायचे, कुकर इतका का ओरडतो, सून चप्पल का घासते, कोकिळेला दुसरं काम नाही का. एका सकाळी मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "अहो, भाजी काय करू?" तर हे दचकले. म्हणाले, तू एवढ्या मोठ्याने बोलतेस? इतकी वर्षं ह्यांच्यामुळे माझाही आवाज चढला होता, हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्या बाईला बहुधा आधीच माहीत असावं.

मे महिन्यात आम्ही पुन्हा डुमसला गेलो. हे बांधाच्या मधोमध, माझ्या हाताशी. गाळ जवळजवळ रिकामा होता. सोनचिखल्या गेले होते, बारके पक्षीही गेले होते. दूर एकच मोठा पक्षी उभा होता, वाकड्या लांब चोचीचा कोरल. बेन म्हणाल्या, काही कोवळे पक्षी पहिल्या वर्षी जात नाहीत, इथेच उन्हाळा काढतात.

तो ओरडला. लांब, वर चढत जाणारी शीळ. ह्यांनी मान फिरवली.

"कोण शीळ वाजवतंय?"

मी बोट दाखवलं. हे बघत राहिले. तो पुन्हा ओरडला. ह्यांनी डोळे मिटले, मग उघडले, आणि माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "मला वाटलं होतं ते मुके असतात."

मग वारा सुटला. मशीनमध्ये खरखर व्हायला लागली तसं ह्यांनी ते कानातून काढलं, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि बांधावर मांडी घालून बसले. मीही बसले.