कडूबाचा कान

काकासाहेबांची डॉज जालन्याच्या भोकरदन नाक्यावर येऊन थांबली, तेव्हा तिचं नाक आभाळाकडे होतं आणि बूड जमिनीला टेकायला आलं होतं. गाडी मूळची पाच-सहा माणसांची. काकासाहेब तिच्यात राजूरच्या गणपतीला निघालेली पंधरा माणसं भरायचे आणि वर म्हणायचे, "सरका की जरा, अजून एक बाई हाये." इतकी वर्षं अशी माणसं कोंबल्यावर मागचे पाटे बसणार नाहीत तर काय होणार? पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. गाडीचं सगळं ओझं तीच सोसते. या गाडीची कमान सपाट होऊन आता उलटी वाकायला लागली होती.

"कडूबा, मंगळवारी अंगारकी हाये," काकासाहेब उतरता उतरता म्हणाले. "त्या दिवशी गाडी उभी राह्यली तर मव्हं वर्ष गेलं म्हणून समजा. जल्दी करा."

कडूबाने मान हलवली. त्याला सगळं ऐकू आलं नव्हतं. पण पाट्यांच्या दुकानात येणारा माणूस 'जल्दी करा' सोडून दुसरं काय म्हणणार? हे त्याला पाठ होतं.

कडूबाने पन्नाशी ओलांडली होती. तरुणपणी गाव सोडून तो जालन्याला आला, एका उस्तादाच्या हाताखाली घण मारायला लागला आणि उस्ताद गेल्यावर त्याच पत्र्याखाली स्वतःची भट्टी पेटवली. गावात तो ऐरणीजवळ उभा राहिला असता तर चार जणांनी कपाळाला आठ्या घातल्या असत्या. छप्पनला घरादाराने बौद्ध धर्म घेतल्यावरही त्या आठ्या काही एकदम गेल्या नाहीत. जालन्यात मात्र मोटारीच्या पाट्याला जात विचारायची सवय नव्हती. तिथे एकच गोष्ट विचारली जायची, पाटा टिकतो का? आणि कडूबाचा टिकायचा.

तो टिकायचा कडूबाच्या कानामुळे. जुना पाटा तारेला टांगायचा आणि हातोडीने टोला द्यायचा. धड पाटा कितीतरी वेळ घुमत राहतो. आतून तडा गेलेला फुटक्या माठासारखा बद्द वाजतो. तडा डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतो. 'कडूबाच्या कानाखालून गेलेला पाटा' म्हटलं की अंबडपासून जाफराबादपर्यंतचे ड्रायव्हर निर्धास्त गाडी हाकायचे.

बाहत्तरच्या दुष्काळात धान्याच्या ट्रका रात्रंदिवस धावल्या, आणि दुप्पट माल भरल्यामुळे त्यांचे पाटेही तसेच तुटले. त्या वर्षी कडूबाच्या घणाला उसंत मिळाली नाही. लोकांच्या पोटात मिलो, म्हणजे रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, गेला आणि कडूबाचे कान गेले. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग पावसाची पत्र्यावरची ताडताड. एकदा जेवताना मुलगी कौसल्या म्हणाली, "बापू, तुमाला कमी ऐकू येतं का?" तो ताट सरकवून उठला. पुन्हा घरात तो विषय कोणी काढला नाही.

दुकानातही त्याने कोणाला सांगितलं नाही. कान गेलेला कडूबा म्हणजे कोण? रस्त्याकडेचा एक म्हातारा. त्याने मनाची समजूत घातली. टोला दिला की हाताला झिणझिण्या येतात, त्यांवरून धड कोणता आणि फुटका कोणता ते कळतं. आणि खरंच, एवढ्या काळात त्याच्या दुकानातला एकही पाटा रस्त्यात तुटला नव्हता. मग समजूत खरी वाटायला लागली.

डॉज आली तेव्हा त्याची बायको झुंबरबाई घरी नव्हती. कौसल्या बाळंत झाली होती म्हणून ती भोकरदनला गेली होती. एरवी भट्टीचा पंखा तीच फिरवायची. आता कडूबा एका हाताने पंखा फिरवायचा, उठून घण मारायचा, पुन्हा येऊन पंख्याजवळ बसायचा. गंजलेले नट सोडवता सोडवताच त्याचे खांदे भरून आले. या गाडीचे नवे पाटे बाजारात केव्हाच मिळेनासे झाले होते. ट्रकच्या भंगारातले पाटे निवडायचे, वाजवायचे, कापायचे, तापवून कमान द्यायची, तेलात विझवायचे. त्याने पाटे वाजवले. हाताला झिणझिण्या आल्या. दमलेल्या हाताला कशानेही येतात, पण हे कोण कोणाला सांगणार?

सोमवारी डॉजचं बूड उचललं. काकासाहेब गाडीभोवती नवरदेवासारखे मिरवत फिरले आणि अंगारकीच्या सवाऱ्या घ्यायला निघून गेले.

बुधवारी ते एसटीने आले. बगलेत गोणपाटात गुंडाळलेला पाटा होता. राजूरच्या अलीकडे तो तुटला होता. गाडी कलंडून नालीत गेली. माणसं वाचली, पण गाडीतल्या एका म्हातारीचा, दुर्गाबाईचा, हात मोडला. काकासाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कडूबाच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाले, "तुमच्या हातचा पाटा, कडूबा. मी लोकायला काय सांगू?" आणि गाडी ओढून आणायची सोय बघायला निघून गेले.

कडूबाने पाटा उन्हात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत होता, अर्धा काळाठिक्कर. चकचकीत भाग काल तुटलेला. काळा भाग त्याच्या भट्टीत भाजून काळा झालेला. म्हणजे तडा आधीचाच होता. त्याने तो टांगला होता, वाजवला होता आणि धड म्हणून गाडीखाली घातला होता.

झुंबरबाई त्याच सकाळी भोकरदनहून आली होती. ती जवळ येऊन उभी राहिली.

"म्या वाजवला व्हता," तो म्हणाला. "मह्या हातानं."

"मी नव्हते ना," ती म्हणाली. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, तेव्हा ती समोर बसली आणि त्याला ओठ दिसतील असं सावकाश बोलली. "तुमी टोला मारला का मी पंख्यापून ऐकत व्हते. बद वाजलेला पाटा तुमी धड म्हणून ठिवला, का तुमी च्याला गेल्यावर मी तो भंगारात टाकत व्हते अन् दुसरा ठिवत व्हते. दोन वरसं झाले."

"मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी घरी बसले असते. तुमाला घरी बसलेलं मला पाहावलं नसतं."

कडूबाला आधी राग आला. दोन वर्षं लोक ज्या कानाचं नाव घेत होते तो कान बायकोचा होता, आणि ही बाई तोंडातून एक शब्द न काढता पंखा फिरवत बसली होती. मग रागही टिकेना. त्याला नुसता थकवा आला, हाडांत मुरलेला. हाताला सगळं कळतं हे सोंग रोज वठवायला किती ताकद लागत होती, ते त्याला त्या घडीला कळलं. दुपारी तो सरकारी दवाखान्यात जाऊन दुर्गाबाईच्या खाटेजवळ बसला. ती बराच वेळ काही सांगत होती. त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही, आणि मान हलवायचंही धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉज बैलगाडीला बांधून आणली. ही बातमी नाक्यावर पसरलेली होतीच. दोन-तीन ड्रायव्हर, नेहमीचेच, उगाच बिडी ओढायला म्हणून दुकानात येऊन टेकले. त्यांच्या गाड्यांखालीही याच दुकानातले पाटे होते. कडूबाने भंगारातून एक पाटा निवडला, तारेला टांगला, टोला दिला.

"आता तरी बराबर वाजला ना?" काकासाहेबांनी मोठ्याने विचारलं.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मान हलवली असती तर भागलं असतं. झुंबरबाईने पाटा मागाहून बदललाच असता. ती पंख्याजवळ खाली मान घालून बसली होती.

कडूबाने हातोडी खाली ठेवली. "मला ऐकू येत न्हाई, काकासाहेब. लई दिवस झाले. इतके दिवस माल तीच पारखून राह्यली. तिला इचारा."

 एका ड्रायव्हरने बिडी विझवली. मग काकासाहेब अवघडून झुंबरबाईकडे वळले. आजवर त्यांनी तिच्याकडे पाण्याच्या तांब्यापलीकडे काही मागितलं नव्हतं.

"वहिनी, कसा हाये?"

झुंबरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"बद हाये," ती म्हणाली. "दुसरा टांगा."

कडूबाने दुसरा टांगला.