तोटा मोठ्याने सांगणाऱ्या शालूकाकू

तुमच्या ओळखीत असा एक तरी माणूस आहे का, जो आपला तोटा आपणहून, चारचौघांत, मोठ्याने सांगतो? फायदा सांगणारे पुष्कळ असतील. जावयाचा पगार, प्लॉटला आलेला भाव, शेअरमध्ये दुप्पट झालेली रक्कम, हे सगळं लग्नाच्या पंगतीत न विचारता ऐकायला मिळतं. तोटा मात्र माणसं मूळव्याधीसारखा लपवतात. न लपवणारं एकच माणूस मला आजवर भेटलं. त्या नागपूरच्या मनीषनगरात ब्यूटी पार्लर चालवत. त्यांचं नाव शालू ढोके.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे भुवया करायला गेले होते. दोऱ्याचं टोक दातात धरून त्यांनी एक भुवई पुरी केली, दोरा तोंडातून काढला आणि बाकावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज सकाळी माहे अठरा हजार गेले वं बायांनो. चहा उकळेपर्यंत गेले." मग पुन्हा दोरा दातात, दुसरी भुवई सुरू. मला वाटलं घरात चोरी झाली. मी घाबरून उठायला लागले तर त्यांनी माझं कपाळ मागे दाबलं. वॅक्सिंग करणारी सिंधू हसत म्हणाली, "चोरी नाही वं ताई. कॉइनचा भाव पडला असंन."

पार्लर तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत होतं. मागच्या खोलीतून सतत घुं घुं आवाज यायचा. तिथे लोखंडी मांडणीवर काकूंची यंत्रं होती. त्यांचा भाचा बंगळूरला नोकरीला गेला तेव्हा त्याने त्यातलं एक मागे सोडलं, दोन काकूंनी स्वतः घेतली. ही यंत्रं दिवसरात्र आकडेमोड करत. ते नाणं कोणत्या बँकेचं नव्हतं, सरकारचंही नव्हतं. जगभरातली अशी यंत्रं मिळून त्याचे व्यवहार तपासत आणि त्या कामाची मजुरी त्याच नाण्यात मिळे. काकू हे एका वाक्यात सांगत. "म्हैस बांधल्यासारखं आहे पोरी. वीज खाते अन् दूध देते. कधी दूध जास्त, कधी चारा जास्त."

मी विचारलं, "आणि दूध कमी झालं तर?"

"त मोठ्यानं सांगाचं. नाही त शेजारी त्याच भावात म्हैस आणून बसन ना!"

त्या खोलीचे फायदे शेजारणींनीही घेतले. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा अख्ख्या गल्लीतल्या पोरांचे शाळेचे गणवेश तिथे दोरीवर लटकत. थंडीत तर बायका गरज नसताना पार्लरमध्ये येऊन बसत, कारण मागून ऊब यायची. काकूंच्या मुलीची नर्सिंगची सगळी फी त्या खोलीने भरली. पार्लरमधली दुसरी खुर्चीही त्या खोलीचीच कमाई.

आणि उन्हाळा आला. मे महिन्यात त्या खोलीत पाय ठेवला की पापण्या चुरचुरत. नागपूरच्या माणसाचा कूलरवर जेवढा विश्वास आहे तेवढा डॉक्टरवरही नाही. काकूंनी सर्वांत मोठा लोखंडी कूलर आणला, नव्या खसच्या ताट्या लावल्या आणि तोंड थेट यंत्रांकडे केलं. खोली गार झाली. काकू खूश, यंत्रं खूश. पावसाळ्याच्या तोंडाला दोन यंत्रं बंद पडली ती उठलीच नाहीत. दीड महिना ओली हवा आणि तिच्यासोबत बारीक धूळ आत शिरत होती. आतल्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता.

दुसरी कोणी असती तर "विकून टाकली" म्हणाली असती. काकूंनी महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "दोन मशिनी मी सोता मारल्या. माणसाले गार वाटते ते मशिनीले सोसत नाही." पुढच्या गल्लीत एका पोराने नुकतंच यंत्र घेतलं होतं. त्याने त्याच संध्याकाळी आपला कूलर उचलून बाहेर ठेवला.

तिसरं यंत्र कूलरने मेलं नाही, ते नाण्यानेच मारलं. त्या नाण्याची व्यवस्था पाहणाऱ्यांनी एके दिवशी पद्धतच बदलली. आता आकडेमोड करणाऱ्या यंत्रांची गरज उरली नाही. "गेटवर नोटीस लावली अन् कारखाना बंद," काकू म्हणाल्या. "फरक एवढाच, इथं घोषणा द्यायले गेटच नाही."

हे वाक्य माझ्या काळजात बसलं, कारण मी गेटवरच्या घोषणांत वाढले. माझ्या वडिलांचं छोटं छापखान्याचं दुकान होतं. संपाची, मोर्चाची, वस्तीतल्या सभांची पत्रकं आमच्याकडे छापली जात. अक्षरओळख मला त्यांच्या रद्दीवर झाली. त्यामुळे शोषण दिसलं की माझा हात आपोआप कागदाकडे जातो.

यंत्रं गेल्यावर काकू नुसत्या खरेदी-विक्रीकडे वळल्या. फोन आरशाला टेकवून ठेवत आणि गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात बघत. कमावत, गमावत, दोन्ही सांगत. "नफा झाला का सरकार तीस टक्के घेते. तोटा झाला त म्हंते, तो तुह्या घरी ठेव, वजा बी करू नको. असा भागीदार पाह्यला होता काय वं?" जे घर चालवायला लागतं त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. खेळायचे पैसे वेगळ्या खात्यात असत, आणि ते संपले की महिना संपेपर्यंत फोन उपडा.

पण गल्लीला त्यातलं अर्धंच ऐकू गेलं होतं. शालूकाकूंनी कॉइनमध्ये कमावलं, पोरीला शिकवलं, एवढंच. तेच ऐकून निखिल सर आले.

निखिल सर म्हणजे भर उन्हाळ्यात कोट घालणारा तिशीतला माणूस. त्यांच्याकडे एक नवं नाणं होतं, आपल्या विदर्भाच्या माणसांसाठी खास. रोज थोडं थोडं वाढणारं, कधीच न पडणारं. सीताबर्डीला एका हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. काकूंनी फक्त स्टेजवर बसायचं आणि आपली कहाणी सांगायची. जितक्या बायका येतील तितक्या बायकांमागे त्यांना हिस्सा. काकूंच्या फोनमध्ये त्यांनी एक नाणं भेट म्हणून टाकूनही दिलं.

"जे कधीच पडत नाही ते मी अजून पाह्यलं नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांना दारापर्यंत सोडून आल्या.

वाद निघाला तो सिंधूशी. सिंधूचा नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर त्याचा फंड तिच्या खात्यात आला होता आणि तेवढाच तिचा आधार होता. तो सगळा ती निखिल सरांच्या नाण्यात घालायला निघाली होती. काकूंनी नको म्हटलं तशी ती उसळली. "तुमी कमावलं तवा चाललं. आमी कमावतो म्हटलं का पोटात दुखते काय ताई?"

सिंधूचा प्रश्न खोटा नव्हता.

मी त्या दिवशी घरी जाऊन पत्रक लिहिलं. मथळा 'महाफसवणूक', पुढे तीन उद्गारचिन्हं. सगळी आभासी नाणी म्हणजे लूट, सगळा नफा म्हणजे थाप, असा सूर. खाली सही काकूंची हवी होती. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं.

"माह्या पोरीची फी कोणं भरली? ते काहून नाही लिहिलं?"

"ते लिहिलं तर बायका भाळतील, काकू."

"भाळू दे. अर्धं लपवशीन त त्या कोटवाल्यात अन् तुह्यात फरक काय राह्यला?"

पत्रक छापलं नाही. सही त्यांनी दिली असती ती माझं एकेक वाक्य बदलूनच. त्याऐवजी त्यांनी निखिल सरांना फोन करून सांगितलं, "मी स्टेजवर येतो."

हॉल भरला होता. निखिल सरांनी काकूंची ओळख 'मनीषनगरची राणी' अशी करून दिली. काकू माईकपाशी गेल्या. नेहमीची सुती साडी, बोटाला दोऱ्याचा जुना व्रण.

"जयभीम, नमस्कार. भाऊनं मले राणी म्हटलं, त राणीचा हिसाब ऐका. मशिनीनं माह्या पोरीची फी भरली, हे खरं. दोन मशिनी मी कूलरनं मारल्या, हे बी खरं. तिसरी कबाडात गेली. मागच्या साली खरेदी-विक्रीत जेवढे आले त्याच्याहून जास्त गेले. तरी मी खेळतो, कारण जे गेले त चूल बंद होत नाही, तेवढेच लावतो." मग त्यांनी पिशवीतून फोन काढला. "आता भाऊ, तुमचं एक नाणं माह्याजवळ आहे. तुमीच देल्लं. ते आत्ता इथं विका अन् पैसे माह्या हातावर ठेवा. सगळे पाहून राहिले."

निखिल सर हसले. "मॅडम, ते लॉक-इनमध्ये आहे. सुरुवातीला विक्री बंद ठेवलीय, आपली कम्युनिटी मजबूत व्हावी म्हणून."

"म्हंजे घ्यायचं दार उघडं अन् निघायचं बंद?"

मागून कोणीतरी ओरडलं, "काकू, बसा आता! तुमचं भागलं ना!" हशा पिकला. माईक बंद झाला. काकू बंद माईकवर आणखी एक वाक्य बोलल्या, "आधी एक विकून दाखव म्हणा, मंग टाका," ते पहिल्या रांगेपलीकडे गेलं नाही. सिंधू पहिल्या रांगेत होती. येताना मेट्रोत ती काकूंच्या शेजारी बसली नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. काही महिन्यांनी निखिल सरांचा फोन लागेना. ऑफिसला कुलूप होतं. सिंधू मात्र अवाक्षर काढत नव्हती. काम करत होती, हसत होती. काकूंनी एकदाही विचारलं नाही. मीच चिडून म्हटलं, "विचारा ना तिला, किती घातले?" त्या म्हणाल्या, "मी इचारलं त ते तोटा सांगणं नाही झालं, ते चौकशी झाली."

मग एका दुपारी, पार्लर भरलेलं असताना, सिंधूने हातातली पट्टी खाली ठेवली. "ताई, माहे बी गेले."

आवाज बारीक होता, पण ऐकू सगळ्यांना गेला. काकू वळल्या. "किती वं?"

"फंडाचा चौथा हिस्सा. चोरून टाकले होते. सगळेच टाकणार होती. तुमी त्या दिवशी म्हटलं ना, विकून दाखव, त हात थांबला." तिने फोन पुढे केला. "पाहा ना, ॲपमध्ये अजून वाढूनच राहिले."

खुर्चीत एक बाई तोंडाला लेप लावून बसली होती. ती हसली. इतकी, की ओठांच्या कडेला वाळलेला लेप तडकला. "हाव! दुसरं काय? दहावी पास नाहीत आणि चालल्या कॉइन घ्यायला."

काकूंनी ओला टॉवेल उचलून तिच्या हातात दिला. "तोंड पुसून घ्या बाई, अन् निघा. पैसे राहू द्या."

"अहो, मी काय बोलले असं?"

"बोलल्या ते चाललं असतं. हसल्या. इथं आणखी बसल्या असतीन ज्याहिचे गेले. तुमचं हसणं ऐकून त्या आता मरेपर्यंत सांगणार नाही. अन् त्या सांगणार नाही त उद्या आणखी एक जाऊन बुडन."

बाई अर्धा लेप तोंडावर घेऊन तणतणत गेली. सिंधू रडत होती. काकूंनी तिला खुर्चीत बसवलं. तिचा एक खांदा धरून उभ्या राहिल्या, आणि "मी सांगितलं होतं" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून त्या दिवशी आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत. थोड्या वेळाने बाकावरच्या एक निवृत्त शिक्षिका, ज्या व्याकरण चुकलं की दुकानाच्या पाटीलाही टोकत, भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "माझेही. निवृत्तीचे."

काकू, सिंधू आणि त्या शिक्षिका, तिघी मिळून पोलिसांत गेल्या. एकटीला टेबलावरून टेबलावर फिरवलं असतं. तिघींची तक्रार लिहून घ्यावी लागली. नंतर इतर वस्त्यांतूनही लोक येऊन तिच्यात आपली नावं घालू लागले. पैसे अजून आलेले नाहीत, हेही सांगते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. पण निखिल सरांना दुसऱ्या कोटात दुसऱ्या हॉलमध्ये उभं राहणं आता तितकं सोपं नाही. सिंधूचा उरलेला फंड पोस्टात आहे.

शालूकाकू मागच्या हिवाळ्यात गेल्या. यकृताचं दुखणं होतं, फार लांबलं नाही. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, किती छान दिसता, लवकर घरी याल. मी गेले तेव्हा त्या सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे जितका उरला होता तितक्या आवाजात, म्हणाल्या, "आज कालच्याहून खराब आहे बरं." शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने हे ऐकलं आणि तीही डॉक्टरांना पहिल्यांदाच खरं दुखणं सांगू लागली.

तेव्हा माझी तुम्हाला एक विनंती आहे. आभासी नाण्यांत पैसे घालावेत की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. शालूकाकूंनीही ते कोणाचं ठरवलं नाही. पण तुमच्या घरात, कचेरीत, गल्लीत कोणीतरी आत्ता गमावलेलं मनात दाबून बसलं आहे. ते कधीतरी तुमच्यासमोर तोंड उघडेल. त्या क्षणी हसू नका. हाव म्हणू नका, शिक्षण काढू नका, मी सांगितलं होतं म्हणू नका. खुर्ची पुढे करा आणि पूर्ण ऐकून घ्या. मग त्याच्यासोबत उठा आणि तक्रार लिहून द्यायला जा.