अढीशेजारची पानं

सुट्टीत आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमच्या प्रयोगशाळेत काम करायला आमच्या वर्गातून एकीलाच घेणार होते. प्रोजेक्ट बघून ठरणार होतं. प्रोजेक्टमधली माझी जोडीदार रावेतला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायची, मी पिंपळे गुरवला एका खोलीत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ती जागा मला किती हवी आहे, हे मी फक्त तिलाच सांगितलं होतं.

विषय होता, पानं म्हातारी कशी होतात. गव्हाची तोडलेली पानं अंधारात ठेवायची. काही साध्या पाण्यात, काही सायटोकायनिन घातलेल्या. हे संप्रेरक पेशींना निरोप देतं, की अजून थांबा. म्हणून ती पानं जास्त दिवस हिरवी राहतात. लॅब बंद होती आणि तिच्या घरी फर्निचरचं काम चाललं होतं, म्हणून पानांच्या बशा मी घरी आणल्या. आमच्या एका खोलीत अंधार फक्त कॉटखाली. तिथे आईने गावाहून आलेल्या आंब्यांची अढी घातली होती. मी बशा पेंढ्याला टेकवून ठेवल्या.

सगळीच पानं पिवळी पडली. मी घाबरलेच. पण बशा काढायला वाकले तेव्हा पिकत्या आंब्यांचा वास आला आणि एकदम कळलं. पिकणारं फळ इथिलीन सोडतं, आणि तो वायू पानाच्या पेशींना उलटा निरोप देतो, की आता आवरा. मी लगेच तिला फोन केला.

"अगं, भारीच! मॅडमना आत्ता बोलू नकोस, प्रेझेंटेशनलाच सांगू."

आईने तिच्यासाठी पिशवीभर आंबे दिले.

प्रेझेंटेशनला ती आधी उठली. "हिच्या घरी जागा नाही मॅडम, हिने बशा आंब्यांजवळ ठेवल्या. पानं बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, हे इथिलीन असणार."

"कॉटखालची लॅब!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, तीही हसली.

मॅडमनी विचारलं, "तुला काही सांगायचंय?" मी नाही म्हटलं. का म्हटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. जागा तिला मिळाली.

घरी आई पेंढा बाजूला करत होती. "मैत्रिणीला आवडले काय गो आंबे?"

"आवडले."

"मग हे पण ने. आता कुठे तयार झालेत."

मी नको म्हटलं. आई माझ्याकडे बघत राहिली. कारण सांगायचं, तर तिच्या अढीला सगळे हसले हेही सांगावं लागलं असतं.